आधी बसा

मन्मथला चांगली बातमी सांगायची तर आधी त्याला खाली बसवावं लागायचं. वाईट बातमी उभ्याउभ्या सांगितली तरी चालत असे. त्याचे वडील गेले तेव्हा तो नळावर बादली भरत होता. निरोप ऐकला, बादली बाजूला ठेवली, चप्पल घातली आणि निघाला. पण त्याला पोरगी झाली तेव्हाची गोष्ट वेगळी. नर्सनं बाहेर येऊन "मुलगी झाली" म्हणून सांगितलं आणि हा दवाखान्याच्या व्हरांड्यात जागच्या जागी कोसळला. मुलगी झाली म्हणून बापानं धसका घेतला, असं अख्ख्या वॉर्डात झालं. एक म्हातारी आया त्याच्या डोक्याशी बसून लेकी काय वाईट असतात का, म्हणून समजावत होती. हा पूर्ण जागा होता, सगळं ऐकत होता. आनंदानं पडलोय एवढंच सांगायचं होतं, पण जबडा हलत नव्हता.

तेव्हापासून त्या घरात रीतच पडून गेली. कुणी हसत हसत दारात आलं की त्याची बायको शरणम्मा आतून ओरडायची, "आधी बसा!" नवख्या पाहुण्याला वाटायचं, काय हे अगत्य. ते अगत्य पाहुण्यासाठी नसायचंच, नवऱ्यासाठी असायचं. पोरगी सृष्टी बोलायला लागली ती हेच ऐकत. शाळेतून पळत आली तरी उंबऱ्यापाशी थांबायची, दम घ्यायची आणि गंभीर तोंड करून म्हणायची, "अप्पा, आधी बसा. मग सांगते." हा बसायचा. ती सांगायची की बाईंनी वहीवर छान लिहिलंय. बसल्या जागी याची मान छातीवर पडायची, हात सुटायचे आणि पोरगी टाळ्या पिटायची. आपल्यामुळं बाप पडतो याचा तिला भलता अभिमान होता. चिडली की विचारायची, "आज पडला न्हाईत, अप्पा. मी आवडत न्हाई का?"

मी बसवंत, औशाचा मंडपवाला. लग्नात बांबू, कनाती, खुर्च्या माझ्या आणि भिंत मन्मथची, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं. लग्नघराची दर्शनी भिंत पांढरी करून चित्रं काढायची आमच्याकडं पद्धत आहे. दारावर गणपती, दोन्ही अंगाला केळीचे खांब, भालदार-चोपदार, हत्ती, पोपट, मधोमध नवरा-नवरीची नावं. हे सगळेच पेंटर काढतात. मन्मथच्या भिंतीवर मात्र घोडे छतातून उतरायचे. डोळा लागायच्या आणि उघडायच्या मधे त्याला ते खरंच दिसायचे, आढ्यातून पाय काढून खाली येणारे. कधी छातीवर कुणीतरी बसलेलं असायचं, आणि याला बोट हलवता येत नसायचं. बसलेल्याला त्यानं कधी लग्नाच्या भिंतीवर घेतलं नाही. घोड्यांना घेतलं.

झोप त्याला कधीही यायची. भाकरीचा तुकडा हातात, आणि गडी गेला. ब्रश भिंतीवर टेकलेला असताना गेला तर हात चालूच राहायचा, रेघ आपली आपण कुठंतरी भरकटत जायची. जागा झाल्यावर दुसऱ्या कुणी ती पुसून टाकली असती. तो तिच्याकडं बघत बसायचा आणि मग तिचीच शेपूट करायचा, वेल करायचा. लोक म्हणायचे, मन्मथच्या भिंतीवर वेल कुठून निघाला आणि कुठं गेला कळत नाही. कळणार कसं, त्यालाही माहीत नसायचं.

लोकांचं काय सांगावं. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि भरदुपारी पानटपरीपुढं आडवा, मग दारू नाही तर काय? या माणसानं आयुष्यात पानसुद्धा खाल्लं नव्हतं. एकदा म्हणाला, "बसवंता, मी झोपतो तवा म्हन्तेत पडला. आन् पडतो तवा म्हन्तेत झोपला. आता कुनाकुनाला सांगू?" मीच मग त्याला धरून लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं नेला. त्यांनी तपासण्या करून आजाराचं नाव सांगितलं, नार्कोलेप्सी. झोपेत माणसाचं अंग ढिलं पडतं, ते याचं जागेपणी पडतं. फार हसू आलं, मन भरून आलं की पडतं. शुद्ध जात नाही. झोपेवर दिलेल्या गोळीनं थोडा फरक पडला. पडण्यावरच्या गोळीनं हात कापायला लागला, तेव्हा ती त्यानं आपणहून बंद केली. नाव मिळालं याचा मला केवढा आनंद! आता लोकांना सांगता येईल. सांगितलं, तर लोक म्हणाले, "म्हंजे फिटच की." पुढं मी सांगणं सोडून दिलं. डोकं फोडून घ्यायला औशात भिंती भरपूर आहेत.

मग फ्लेक्स आले आणि भिंती रंगवायचं काम निम्म्यावर आलं. पण फ्लेक्सची पाठ कोरी असते. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवडणूक झाली की मी ते उतरवून आणायचो, आणि मन्मथ त्यांच्या पाठीवर स्वतःसाठी चित्रं काढायचा. पुढून साहेब हात जोडून उभे, मागून मन्मथ. त्या चित्रांत फक्त पाय असायचे. पडल्यावर गाल जमिनीला आणि डोळे उघडे; त्या उंचीवरून त्याला जे दिसायचं ते. भेगाळलेल्या टाचा, पिन लावलेली स्लीपर, शाळेचे बूट, साडीचा भिजलेला काठ. एका चित्रात नुसती पायांची गर्दी होती. मी म्हणालो, झकास आहे. तो म्हणाला, "नीट बघ. येवढ्या पायांत एक तरी गुडघा वाकलाय का?" मी बघितलं. एकही नव्हता. ते चित्र मला परत कधी बघवलं नाही.

सृष्टी बी.कॉम. झाली आणि रेणापूरची मंडळी बघायला आली. माणसं मोकळी होती. चहापाणी झालं, मुलाच्या बापाला पोरगी इतकी पसंत पडली की रीतभात सोडून ते उठले, मन्मथला हाताला धरून उभं केलं आणि मिठी मारून म्हणाले, "पोरगी आमची झाली!" शरणम्मा आतून "बसा, बसा" ओरडत धावली, पण उशीर झाला होता. मन्मथ त्यांच्या अंगावरून घसरत खाली आला. एकानं वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास आला नाही आणि तिथंच सगळं बिघडलं. दारू असती तर लोकांनी समजून घेतलं असतं. फिट कोण पदरात घेणार? मंडळी चपला घालून गेली. जाताना त्याला ओलांडून गेली, आणि तो खालून बघत होता.

असली गोष्ट आमच्या समाजात औशापासून उदगीरपर्यंत जायला एक फोन पुरतो. त्यानंतर पोरीला स्थळच येईना. शेवटी शरणम्माचा भाऊ मृत्युंजय, ज्याचं लातूरला बियाण्यांचं दुकान आहे, त्यानं देगलूरचं स्थळ आणलं. आडतीचं घर, एकुलता मुलगा, खायला-प्यायला कमी नाही. आणि आणतानाच तिकडं सांगून आला की पोरीच्या बापाच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, हैदराबादला आहेत, लग्नाला येता येणार नाही.

हे त्यानं मन्मथला अंगणात उभ्यानंच सांगितलं. वाईट बातमी होती, बसवायची गरज नव्हती.

मी तिथंच होतो. मला राहवलं नाही. म्हणालो, "बाप जिता असून पोरीच्या लग्नात न्हाई? खामखा काय बी ठरवायलास का?" मृत्युंजय म्हणाला, "बसवंतराव, तुमी मांडव बगा. व्याहीभेटीला हे पडले तर पोरगी जलमभर घरात बसंल. हाय का तुमच्याकडं दुसरं स्थळ?" नव्हतं. माझ्याकडं बांबू होते. सृष्टीनं जेवण सोडलं, असं लग्न नको म्हणाली. मन्मथनंच तिची समजूत घातली. "माझ्यापायी तू बसून ऱ्हायलीस तर मी झोपंतून उठूच नये असं वाटंल," म्हणाला. तेव्हा कुठं पोर जेवायला उठली.

त्यानं एकच मागितलं. लग्नापुरतं त्याला त्याच्या बहिणीकडं पाठवायचं ठरत होतं. तो म्हणाला, घरातच ठेवा, ओसरीवरच्या कोठीच्या खोलीत कोंडा, पण अक्षता कानावर पडू द्या. आणि बापलेकीनं आपसात ठरवलं. निघताना ती कोठीच्या दाराशी येऊन थांबेल, आणि तो आतून दारावर टिचकी मारेल. बोलायचं नाही, कुणी ऐकलं तर घोटाळा.

भिंत मात्र त्यानं रंगवली. इतके दिवस एका भिंतीला त्यानं कधी लावले नव्हते. छताकडून घोडे उतरले, वेल निघाले, पोपट बसले. उजव्या हाताच्या भालदाराला त्यानं स्वतःचं तोंड दिलं. डोळे टक्क उघडे, छाती पुढं, पाय जमिनीत रोवलेले, गुडघे ताठ. मी बघतच राहिलो. तो म्हणाला, "मी असा हुबा ऱ्हाईन." मला रडू आलं, मी कनाती मोजायचं निमित्त करून बाहेर गेलो.

लग्न दारातच होतं, गल्ली अडवून मांडव घातलेला. मृत्युंजयनं मला कोठीच्या दारापुढं कनात लावायला सांगितली होती. मी म्हणालो, कनात कमी पडली. दाराखाली चार बोटं फट होती, तेवढी तरी त्याला राहू दे. सकाळी मन्मथ नवं धोतर नेसून, फेटा बांधून आत जाऊन बसला. कोंडायच्या माणसाला फेटा कशाला, असं शरणम्मानं विचारलं नाही. तिनंच तो बांधून दिला होता.

वऱ्हाड आलं. व्याहीभेटीला मृत्युंजय उभा राहिला, त्यानं हार घातले, गळाभेट घेतली, आणि तो दगडासारखा ठणठणीत उभा होता. सृष्टीचे सासरे भीमाशंकरअप्पा रसिक माणूस. भिंतीपुढं येऊन थांबले. भालदाराकडं बघत म्हणाले, "ह्यो तर लई जिता काढलाय. पेंटर कोन हाय?" मला वाटलं, आता तरी. मृत्युंजय म्हणाला, "भायेरचा हाय, लातूरचा." कोठीचं दार तिथून हातभर लांब. आत ऐकू गेलंच असणार.

अक्षता पडल्या. जेवणं झाली. निघायची वेळ झाली तेव्हा मी स्टुलावर चढून झालर सोडत होतो. सृष्टी बायकांच्या घोळक्यातून "देवाच्या पाया पडून येते" म्हणून सुटली आणि ओसरीवर आली. कोठीच्या दाराशी थांबली. बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी तिच्यानं राहवलं नाही. अगदी हळू म्हणाली, "अप्पा, आधी बसा. मी निघाले."

आतून टिचकी आली नाही.

ती थांबली. कान दाराला लावला. मृत्युंजयनं हाक मारली तरी हलली नाही. दारावर हात ठेवून आणखी थोडं थांबली. मग शरणम्मानं येऊन तिचा दंड धरला आणि ती वळली. मलाही वाटलं, झोपला असणार बिचारा, दिवसभर कोंडलेला.

गाड्या गेल्यावर मी कडी काढली. मन्मथ दाराशीच पडला होता. गाल फरशीवर, डोळे उघडे, फेटा सुटून बाजूला. एक हात दाराच्या दिशेनं गेलेला, आणि दार त्या बोटांपासून वीतभर लांब राहिलेलं. जरा वेळानं त्याला बोलता आलं.

"झोपला होतास का?" मी विचारलं.

"न्हाई रे. चांगला बसलो होतो. फटीतून पाय दिसले तिचे. हळद लागलेले, नवी जोडवी. लई बरं वाटलं. तेवढ्यात गेलो." मग म्हणाला, "पाय फिरले तिचे, बसवंता. मी बघत होतो."

मी देगलूरला फोन करून सृष्टीजवळ त्या टिचकीचा विषय काढला. ती म्हणाली, "मला वाटलं, झोपले असतील." मी म्हणालो, जागा होता, तुझे पाय बघून पडला. पलीकडं कुणीतरी खोलीत आल्याचा आवाज आला. मग एकदम वरच्या पट्टीत, कुणाला तरी ऐकू जावं असं बोलली, "हाव काका, अप्पांच्या मणक्याला आराम पडू दे. काळजी घ्या म्हनावं." खोटं एकदा बोललं की रोज बोलावं लागतं, आणि ते त्या पोरीच्या वाट्याला आलं होतं.

मन्मथनं त्यानंतर एकच चित्र काढलं. फ्लेक्सच्या पाठीवर सगळा अंधार, खाली उजेडाची पट्टी, आणि त्या पट्टीत हळदीच्या दोन टाचा. पुढून कुणाच्या तरी अभिनंदनाचा फ्लेक्स होता तो. मग एके दिवशी सकाळी उठून त्यानं भिंतीवरच्या भालदारावर चुना मारला. बाकी सगळी भिंत तशीच ठेवली. हत्ती, पोपट, घोडे, केळीचे खांब, आणि उजव्या हाताला माणसाएवढा पांढरा डाग. मी काम घेऊन गेलो, तर म्हणाला, दुसरा कुणी बघ. ब्रश डब्यात वाळून काठीसारखे झाले.

मी त्याला हसवायला जायचो. पूर्वी मी नुसता मृत्युंजयच्या चालण्याची नक्कल केली तरी हा आडवा व्हायचा, आणि शरणम्मा मला शिव्या द्यायची. आता मी नक्कल करायचो, तो बघायचा आणि म्हणायचा, "जमली." दिवसा झोपायचा पूर्वीएवढाच. पण पडला नाही. शरणम्मा गल्लीत सांगत सुटली की स्वामींच्या मठात नारळ बोलला होता, तो पावला. मृत्युंजय म्हणाला, "बघा, टेन्शन गेलं की सुधारतो मानूस." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

नागपंचमीला लेक माहेरी आणायची असते. मृत्युंजय जाऊन सृष्टीला घेऊन आला. मी मुद्दाम ओसरीवर बसून होतो. ती गाडीतून उतरली, भिंतीकडं तिचं लक्ष गेलं. पांढऱ्या डागापुढं क्षणभर उभी राहिली. मग उंबऱ्यापाशी आली, लहानपणी थांबायची तिथंच थांबली, दम घेतला आणि गंभीर तोंड केलं. पण ते तिला जमत नव्हतं, ओठ हसत होते.

"अप्पा, आधी बसा. मग सांगते."

मन्मथ बाजेवर बसलेलाच होता. तो उठून उभा राहिला. "बोल की," म्हणाला. "आता काय होत न्हाई मला."

"न्हाई अप्पा, बसा तुमी."

"बोल, बाळ."

शरणम्मा धावत येऊन त्याच्या मागं हात पसरून उभी राहिली. मी स्टूल सरकवलं. सृष्टीनं आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खाली मान घालून म्हणाली, "तुमी आजोबा होनार."

"बरं झालं," मन्मथ म्हणाला. "जप." आणि तो सरळ चालत नळावर गेला आणि हात धुवायला लागला.

"पडले न्हाईत!" शरणम्मा ओरडली. तिनं तिथूनच मठाच्या दिशेनं हात जोडले. "बघितलंस का गं, पडले न्हाईत! आता खुशाल बोलव देगलूरच्या मंडळीला हितं बारशाला."

सृष्टी उंबऱ्यातच उभी होती आणि नळापाशी ताठ उभ्या असलेल्या बापाच्या गुडघ्यांकडं बघत होती. मन्मथनं हात धुतले, धोतराला पुसले आणि विचारलं, "च्या घेतलीस का?" ती तशीच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. शरणम्माला वाटलं, पोरगी आनंदानं रडायलीय.